सतराशे एक्केचाळीसचा फेब्रुवारी

माझ्या भावाला मेलेली माणसं तोंडपाठ होती, जिवंत माणसांची मात्र ओळख राहत नसे. वेक्सहोमच्या चर्चचा तो एकतीस वर्षं पाद्री होता. तरी रस्त्यात कुणी टोपी काढली की मला कोपरानं ढोसून हळूच विचारायचा, "हा कोण गं?" मी सांगायचे, "अरे, गेल्या महिन्यात याच्याच मुलीचं लग्न लावलंस तू." मग त्याचा चेहरा उजळायचा. "हां, म्हणजे सोळाशे बारा साली चर्चला मोठी घंटा देणारा तो गोडरिक, त्याच्या घराण्यातला." घंटा देणारा लक्षात, समोर उभा असलेला नाही. लँबर्ट थर्केल हा असा माणूस होता, आणि मी, त्याची धाकटी बहीण डॉर्कस, त्याचं घर आणि त्याचे कागद दोन्ही सांभाळत होते. लग्न त्यानंही केलं नाही आणि मीही नाही. आम्हाला सवड कुठं होती?

त्यानं एक पुस्तक लिहिलं. वेक्सहोम आणि आसपासच्या नऊ गावांचा इतिहास. कुणाच्या शेताची हद्द कुठं, कुठल्या थडग्यावर काय कोरलंय, कोण कधी जन्मला, कुणाचं लग्न कुणाशी लागलं, कोण कुठं पुरला, सगळं. त्यात वीस वर्षं गेली. दलदलीतल्या गावांतून त्याच्याबरोबर गुडघाभर चिखल तुडवत मी फिरले आहे. चर्चच्या पेट्या उघडल्या की आतून बुरशीचा भपकारा यायचा, आणि लँबर्ट असा खूश व्हायचा की जणू कुणी गरम पाव पुढं ठेवलाय.

आमच्या स्वतःच्या चर्चच्या नोंदवहीची चार पानं मात्र वाया गेली होती. एका पुरात पेटीत पाणी शिरलं आणि शाई इतकी फिकी झाली की कोऱ्या कागदावर कुणी श्वास सोडावा तेवढीच खूण उरली. ती चारही पानं एकाच कारकुनाच्या हातची. तो जेमतेम पाच वर्षं टिकला, आणि शब्दांचा इतका कंजूष की बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव कुठंच लिहिलं नाही. अशा पानांवर लँबर्टचा एक उपाय होता. ओकच्या झाडावरची मायफळं कुटायची, त्यांचा काढा करायचा आणि मऊ कुंचल्यानं पानावर फिरवायचा. गेलेली अक्षरं काळीभोर होऊन वर येत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण हे सुख अर्ध्या दिवसाचं. मग पान तपकिरी व्हायला लागतं, दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही आणि महिनाभरात करपलेल्या पावासारखं काळं पडतं. ते पुन्हा कधीच उजळत नाही. लँबर्टला हे ठाऊक होतं. "एकदा वाचलं म्हणजे झालं," तो म्हणायचा. "मी वाचतो, तू लिही, मग पानाचं काम संपलं." तेव्हा मलाही ते पटायचं.

तो भिंगातून वाचायचा आणि मी लिहायचे. एका नोंदीला एक चिठ्ठी, ही त्याची पद्धत. संध्याकाळी मी चिठ्ठ्या टेबलावर पसरून लावायचे: आधी वर्ष, मग महिना, मग तारीख. जानेवारी वर, डिसेंबर खाली. अगदी नीटनेटकं. लँबर्टनं माझं अक्षर पाहिलं, मान डोलावली आणि गठ्ठा छापखान्यात धाडला.

पुस्तक छापून आलं. त्याच्या प्रस्तावनेत एक वाक्य होतं, त्याचा त्याला फार अभिमान होता. सगळ्या परगण्यातले शिकलेले लोक ते एकमेकांना वाचून दाखवत. "या पुस्तकातली प्रत्येक नोंद मी स्वतः मूळ पानावर बोट ठेवून, क्रमासकट, ताडून पाहिली आहे." जुनाट कागदांवर थापा रचणाऱ्या लेखकांना त्यानं त्याच प्रस्तावनेत चार पानं झोडपून काढलं होतं.

पुढं आठ वर्षांनी, सतराशे एकोणनव्वदच्या सप्टेंबरात, केझाया स्टब्ली आमच्या दारात आली. ही गावातली म्हातारी, दलदलीच्या कडेला तिचं घर. नवरा रूबेन वसंतात वारला होता. मागं तिचा मुलगा जाबेझ, सत्तेचाळीस वर्षांचा आडदांड गडी, हातातली टोपी गोल गोल फिरवत उभा.

"बाई, पाद्रीसायेब हायेत का घरात?" तिनं पायातल्या लाकडी खडावा दाराबाहेर काढल्या. "त्यांच्या पुस्तकात माज्याबद्दल काय लिवलंय, ते इचारायचं हुतं."

मी त्यांना लँबर्टच्या खोलीत नेलं. तो पुस्तकाच्या दुसऱ्या भागाच्या कागदांत मान घालून बसला होता.

"क्रोलसायेब म्हनत्यात, जाबेझ लगनाआदीचा हाय," केझाया उभ्याउभ्याच म्हणाली. "आन लगनाआदीचा असंल तर घर त्याचं न्हाई. घर जहागिरदाराकडं परत. आमी सामान उचलायचं."

क्रोल म्हणजे जहागिरीचा कारभारी. आमच्याकडं घर बापाकडून औरस मुलाला जातं आणि आई त्याच्या आसऱ्यानं राहते. औरस मुलगा नसेल तर घर जहागिरदाराचं. जहागिरदाराला दलदलीच्या कडेची ती पट्टी मेंढ्यांसाठी हवी होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"लग्न कधी झालं, आठवतं का?" लँबर्टनं विचारलं.

"आठवतं का म्हंजी? लगीन माजंच हुतं न्हवं? म्या हजर हुते की तितं."

"आई, तसं न्हाई इचारत ते," जाबेझ पुटपुटला.

"मग कसं इचारत्यात? एप्रिलात लगीन, फुडल्या फेब्रुवारीत ह्यो. धा म्हैनं. बोटावर मोजा, बाई. रूबेनला लई घाई हुती, पर इतकीबी न्हाई."

मी हसले. लँबर्ट हसला नाही. त्यानं फळीवरून आपलं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि वाचता वाचता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. सतराशे एक्केचाळीस. चौदा फेब्रुवारी, रूबेन स्टब्लीचा मुलगा जाबेझ, बाप्तिस्मा. आणि त्याच्या खाली, वीस एप्रिल, रूबेन स्टब्ली आणि केझाया मार्फ्लीट, विवाह. वर मूल, खाली लग्न.

चूक कुठं झाली ते मला तिथंच उमगलं. आमच्या लहानपणी वर्ष जानेवारीत सुरू होत नसे, ते मार्चच्या पंचवीस तारखेला सुरू व्हायचं. एक्केचाळीसचा एप्रिल आधी आणि एक्केचाळीसचा फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी. मी चौदा वर्षांची असताना सरकारनं ते बदललं आणि जानेवारी वर आणून बसवला. मी चिठ्ठ्या लावल्या त्या आजच्या हिशेबानं. जुन्या वर्षाचं शेपूट मी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं.

"तुम्ही घरी जा," लँबर्ट केझायाला म्हणाला. "मी बघतो."

"देवानं तुमाला सुकी ठेवावं," ती म्हणाली. खडावा पायांत चढवताना मला म्हणाली, "सायेबांचा चेहरा का ओ उतरला? खात न्हाईत का नीट?"

ती गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या मी लावल्या, जानेवारी मी वर ठेवला, चूक माझी. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. त्या दिवशी मला तो फार मोठा वाटला.

तो थेट क्रोलकडं गेला. ही जुनी कालगणना आहे, फेब्रुवारी नंतरचा, असं त्यानं समजावलं. क्रोल म्हणाला, "असेल. पण काही कारकून तेव्हाही जानेवारीपासून वर्ष धरायचे, हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. आमच्या कारकुनानं काय धरलं ते वही सांगेल. वही दाखवा, मी लगेच माघार घेतो." माणूस लबाड होता, पण या बाबतीत त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

लँबर्टनं पेटीतून वही काढली. ती चार पानं काळीठिक्कर. त्यानं ती खिडकीशी उन्हात धरली. व्हिनेगरचा बोळा फिरवला, दुधानं पुसलं, आंबट सफरचंदाचा रस लावून पाहिला. शेवटी एका पानाचा कोपराच गळून टेबलावर पडला. तो तुकडा तळहातावर घेऊन माझा भाऊ खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. "मीच पुसलं गं," तो म्हणत होता. "पाण्यानं नाही पुसलं, मी पुसलं." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. चुलीवरचं सूप करपलं तरी मी हलले नाही.

मग त्याला बिशपच्या कचेरीची आठवण झाली. दर वर्षी प्रत्येक गावानं वहीची एक नक्कल तिथं पाठवायची असते. साठीचा माणूस, गुडघे धरलेले, आमच्या म्हाताऱ्या घोडीवर बसून चाळीस मैल गेला. पाच दिवसांनी परतला तेव्हा मला त्याला खाली उतरवावं लागलं. बूट काढताना तोच म्हणाला, "आपल्या गावची एकोणचाळीस ते चव्वेचाळीसची नक्कल कुणी पाठवलीच नाही. तोच कारकून. आळशी मेला." माझ्या भावाच्या तोंडून कुणा मेलेल्या माणसाला शिवी गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

गावात लग्नाचा साक्षीदार शोधला. एक म्हातारा हेजकिया निघाला. तो लग्नात नाचला होता, त्याला तिथलं डुकराचं मांस आठवत होतं, वधूच्या टोपीवरची हॉथॉर्नची फुलं आठवत होती. साल विचारलं तर म्हणाला, "आमची तांबडी गाय मेली त्या साली." गाय कधी मेली? "लगीन झालं त्या साली." जाबेझ उठून बाहेर निघून गेला.

ऑक्टोबर उजाडला आणि ज्या जहागिरीच्या सभेत बारा पंच घराचा निकाल देणार होते, तिला दोन दिवस उरले. केझायानं भांडी बांधायला घेतली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "का बांदू? सायेब बघत्यात न्हवं."

त्या दुपारी मी लँबर्टसमोर बसले. "एक गोष्ट सांग," मी म्हणाले. "पान काळं पडायच्या आधी तू माझी यादी त्याच्याशी ताडून पाहिली होतीस?"

त्यानं लेखणी खाली ठेवली. "दुसऱ्या दिवशी पाहणार होतो. पण सकाळी पान गेलेलं होतं."

"मग प्रस्तावनेत लिहिलंस ते?"

"बाकी सगळी ताडली आहेत, डॉर्कस. जवळजवळ सगळी."

"मग हेच सांग सभेत. ही चार पानं ताडली नाहीत, क्रम माझ्या बहिणीनं लावला, तो चुकीचा आहे. तू वाचलंस तेव्हा लग्न वर होतं आणि बाप्तिस्मा खाली, हे तुला आठवतं ना?"

"आठवतं. लख्ख आठवतं. मध्ये चार नोंदी होत्या."

"तर मग शपथेवर सांग. ते बारा पंच शेतकरी आहेत. पाद्रीनं भर सभेत स्वतःची चूक कबूल केली तर ते त्याच्यावर विश्वास ठेवतील. नाही तर कुणाच्या शब्दावर ठेवायचा त्यांनी?"

"सांगेन," तो म्हणाला. आणि माझा हात हातात घेऊन पुन्हा म्हणाला, "सांगेन गं." मी त्याला ओळखत होते, निदान असं मला वाटत होतं.

सभा खानावळीच्या माडीवर भरायची. जिना अरुंद आणि खडा. केझायाला तो चढवेना, म्हणून ती खाली चुलीजवळच्या बाकावर बसली, मांडीवर एक गाठोडं घेऊन. "तुमी जावा वर," ती म्हणाली. "म्या हितंच बरी."

वर पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलाच्या एका बाजूला क्रोल, दुसऱ्या बाजूला बारा पंच. मागं शेजारच्या गावांचे दोन पाद्री आणि तीन-चार जमीनदार, ज्यांच्या हद्दी माझ्या भावानं त्या पुस्तकात ठरवून दिल्या होत्या. एका जमीनदाराच्या काखेत ते पुस्तकच होतं.

लँबर्ट उठला आणि फार सुरेख बोलला. जुनं वर्ष कसं चालायचं, फेब्रुवारी शेवटी कसा यायचा, सगळं इतकं सोपं करून सांगितलं की पंचांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, "बराबर हाय, माजा आजाबी असंच मोजायचा." जाबेझनं माझ्याकडं पाहिलं.

मग क्रोलनं पुस्तक उघडलं. चौदा फेब्रुवारीचं पान नव्हे, प्रस्तावना. त्यानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि बोट ठेवून थांबला.

"क्रमासकट," तो म्हणाला. "मला एवढंच विचारायचंय, पाद्रीसाहेब. हे वाक्य खरं की खोटं? खोटं असेल तर तसं सांगा, म्हणजे स्टब्लीचा क्रमही खोटा मानता येईल. मात्र मग इथं बसलेल्या सगळ्यांना आपापल्या हद्दी पुन्हा तपासाव्या लागतील, कारण कुठलं पान तुम्ही ताडलंत आणि कुठलं नाही हे आता कोण सांगणार?"

मागून कुणीतरी घसा खाकरला. दोन्ही पाद्री लँबर्टकडं टक लावून बघत होते.

मी उठले. "क्रम मी लावलाय," मी म्हणाले. "चिठ्ठ्या माझ्या होत्या. जानेवारी वर मी ठेवला."

"बाई, प्रश्न तुम्हाला नाही," क्रोल म्हणाला. "आणि भावाचा स्वयंपाकही तुम्हीच करता, पण तो कसा झालाय हे आम्ही त्यांनाच विचारू." सगळी माडी हसली. पंचही हसले. मी खाली बसले नाही. मी भावाकडं बघत राहिले आणि मनातल्या मनात त्याला म्हणत होते, एक शब्द, लँबर्ट, खोटं एवढा एकच शब्द.

त्यानं जाबेझकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही. तो त्या जमीनदाराच्या काखेतल्या पुस्तकाकडं पाहत होता.

"ताडून पाहिलं आहे," तो म्हणाला.

"हे पान?"

"सगळीच."

"क्रमासकट?"

"क्रमासकट."

क्रोलनं पुस्तक मिटलं. पंचांना कुजबुजायलाही फार वेळ लागला नाही, घर जहागिरदाराकडं गेलं. बाकीचं लिहून घेईपर्यंत जाबेझ भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही, भांडला नाही, फक्त टोपी डोक्यावर घातली. तेवढ्या लोकांत टोपी घालून उभा असलेला तो एकटाच.

लँबर्ट जिन्याकडं निघाला तशी मी त्याच्या मागोमाग गेले. मला त्याला धरून हलवायचं होतं, त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. देवानं मला क्षमा करावी, तो माझा भाऊ होता आणि त्याचे मोजे त्याच सकाळी मी रफू केले होते.

खाली केझाया उठून उभी राहिली. तिचा चेहरा फुलला होता.

"बोलला न्हवं, सायेब? म्या हितनं आयकत हुते. आवाज तुमचाच, लगीच वळाकला. सबुद काय कळलं न्हाईत, पर लई वेळ बोलला." तिनं गाठोडं सोडलं. आत शहाजिरं घातलेला केक होता, फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट. "ह्यो तुमच्यासाटी. आमच्यापायी घोड्यावर बसून हाडं मोडून घेतली तुमी."

लँबर्ट थांबला. मला वाटलं, आता तरी. आता तो बोलेल, किंवा निदान पळेल. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि केक घेतला. "बरं," तो म्हणाला, "बरं, बाई," आणि दारातून बाहेर पडला.

जाबेझ जिन्यात उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. तेव्हा मी केझायाला बाकावर बसवलं, तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. चिठ्ठ्यांचं सांगितलं, पानाचं सांगितलं, भावाला काय आठवत होतं ते सांगितलं आणि वर तो काय बोलला तेही.

तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी सायेब म्हनाले, की म्या लगनाआदी..."

"हो."

"समद्यांम्होरं?"

"हो, केझाया."

ती रिकाम्या फडक्याची घडी घालू लागली, उलगडून पुन्हा घालू लागली. मग तिनं उघड्या दाराकडं पाहिलं.

"न्हाई, बाई," ती म्हणाली, "तुमचं आयकन्यात काईतरी चुकलं असंल. त्यांनी केक घेतला की."